घरच्या भट्टीतली गाडी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आपली मंडळी जातात ती क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड आणि बर्फाच्या डोंगरांसाठी. इन्व्हरकार्गिल त्यांच्या वाटेत येत नाही. बेटाच्या पार दक्षिणेचं हे सपाट, भणाण वाऱ्याचं, रुंद रस्त्यांचं शहर. पुढे ब्लफ बंदर, स्ट्युअर्ट बेट आणि मग नुसता समुद्र. मी मुद्दाम तिथून सुरुवात केली, कारण मला मोटरसायकली बघायच्या होत्या. शोरूममधल्या नव्हेत. चार-सहा माणसांनी शेडमध्ये बनवलेल्या आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्यांसमोर शर्यतीत उतरवलेल्या. इन्व्हरकार्गिल ते क्राइस्टचर्च या पावणेसहाशे किलोमीटरच्या पट्ट्यात अशा गाड्यांचा जो वारसा आहे, तसा दुसरीकडे कुठे मला ठाऊक नाही.

या वेडाचं मूळ घरातच आहे. वडिलांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न शॉप होतं. लाकडाचा पॅटर्न घडवायचा, तो फौंड्रीत जायचा, वाळूत त्याचा साचा पडायचा, मग त्यात धातू ओतला जायचा. कास्टिंग हातात आलं की वडील ते कानाशी धरून हातोडीनं हलकेच वाजवायचे आणि आवाजावरून सांगायचे, आत तडा आहे की नाही. त्यामुळे 'घरी इंजिन बनवलं' असं कुणी म्हटलं की त्यात किती कष्ट आहेत हे मला चटकन दिसतं. आतेभाऊ क्राइस्टचर्चला इंजिनिअर आहे, भूकंपानंतरच्या बांधकामांसाठी गेला आणि तिथलाच झाला. सुट्टी काढून तो गाडीसह इन्व्हरकार्गिलला हजर होता.

डी स्ट्रीटवर ई. हेज नावाचं हार्डवेअरचं जुनं दुकान आहे. खिळे, नळ, फावडी, पानांचे सेट, भांडीकुंडी, आणि या सगळ्या पसाऱ्यात बर्ट मन्रोची मोटरसायकल. तिकीट नाही, रांग नाही. शेजारी एक आजोबा नळाचे वायसर निवडत होते.

मन्रो 1899 साली इन्व्हरकार्गिललाच जन्मला. 1920 सालची इंडियन स्काउट त्यानं नवी घेतली तेव्हा ती ताशी 88 किलोमीटरच्या आसपास धावायची. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तो त्याच गाडीवर काम करत राहिला. पिस्टन स्वतः ओतले, जुन्या डब्यांचे साचे करून. कनेक्टिंग रॉड कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून कोरून काढले. मूळचं 600 सीसीचं इंजिन वाढवत वाढवत साडेनऊशेपर्यंत नेलं. जे फुटलं ते फेकलं नाही. त्याच्या शेडमध्ये एक फळी होती, तिच्यावर फुटके पिस्टन आणि वाकडे रॉड मांडलेले असत आणि वर लिहिलेलं, वेगाच्या देवाला अर्पण. 1967 साली, वयाच्या 68व्या वर्षी, त्यानं अमेरिकेत युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर हजार सीसीखालच्या गटात विक्रम केला. नोंद करताना सरासरी काढण्यात चूक झाली होती. ती मन्रोच्या मुलाच्या लक्षात आली आणि 2014 साली विक्रम दुरुस्त झाला: ताशी 184.087 मैल, म्हणजे 296 किलोमीटरच्या वर. अँथनी हॉपकिन्सचा 2005 सालचा सिनेमा अनेकांनी पाहिला असेल. सिनेमात मन्रोचा स्वभाव चांगला उतरलाय, पण या गाडीपाशी उभं राहिल्यावर दिसतात त्या कानशीच्या खुणा पडद्यावर येत नाहीत.

शहराच्या पश्चिमेला दहा किलोमीटरवर ओरेती किनारा आहे. ओहोटीला इथली वाळू इतकी घट्ट होते की मोटारी सरळ किनाऱ्यावर नेतात. मन्रो चाचण्या इथेच घ्यायचा. दर उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या थंडीत, त्याच्या नावानं मोटरसायकलींचा मोठा मेळा भरतो. त्यात ब्लफच्या टेकडीवरची चढाई असते, टेरेटोंगा ट्रॅकवरच्या शर्यती असतात आणि या वाळूवरचीही शर्यत असते. वाळूवरच्या शर्यतीची वेळ भरती-ओहोटी ठरवते, आयोजक नव्हे. वारा अंगावर घेत आम्ही तिथं चालत राहिलो. वाळूत टायरच्या नक्ष्या उमटलेल्या होत्या.

मन्रो एकटा होता. मला पुढे ज्याचा माग काढायचा होता, तो क्राइस्टचर्चचा मोटरसायकल बनवणारा जॉन ब्रिटन मात्र माणसं गोळा करणारा. तो लहानपणी मन्रोच्या गोष्टी ऐकत वाढला.

ब्रिटनची गाडी मी पहिल्यांदा पाहिली ती इन्व्हरकार्गिलमध्येच. टे स्ट्रीटवर क्लासिक मोटरसायकल मेक्का हे संग्रहालय आहे. तीनशेहून जास्त गाड्या आणि त्यात ब्रिटनसाठी वेगळी जागा. इतर गाड्या मी उभ्यानं पाहिल्या. ब्रिटन व्ही-1000 समोर येताच चक्क जमिनीवर मांडी घातली, कारण जे बघायचं ते खालच्या अंगाला होतं.

पहिली गोष्ट, या गाडीला फ्रेमच नाही. आपल्या ओळखीच्या मोटरसायकलीला लोखंडी सांगाडा असतो आणि त्यात इंजिन बसवलेलं असतं. इथं इंजिन हाच सांगाडा. पुढचं सस्पेन्शन इंजिनाला पुढून जोडलंय, मागचा स्विंगआर्म मागून. वजन वाचतं आणि गाडी अरुंद होते. दुसरी गोष्ट रेडिएटरची. पाण्यानं थंड होणाऱ्या गाडीचा रेडिएटर पुढच्या चाकामागे असतो, तिथं वारा लागतो म्हणून. ब्रिटननं तो सीटखाली नेला. पुढच्या नाकातून हवा आत घेऊन ती बोगद्यासारखी मागे नेली, त्यामुळे समोरून गाडी सुरीसारखी बारीक राहिली. तिसरी गोष्ट, मागच्या चाकाचा शॉक ॲब्सॉर्बर मागे नाहीच, तो इंजिनाच्या पुढे आहे. इंजिनाखालून जाणाऱ्या लिंकनं तो मागच्या चाकाशी जोडलाय. पुढे असल्यामुळे त्याला गार वारा मिळतो आणि तो तापून मऊ पडत नाही. चौथी गोष्ट पुढच्या फोर्कची. नेहमीच्या दोन नळ्या नाहीत, कार्बन फायबरचा गर्डर आहे. नेहमीचा फोर्क ब्रेक दाबला की खाली दबतो आणि ऐन वळणावर गाडीची भूमिती बदलते. गर्डरच्या जोडण्यांची मापं नीट धरली तर हे दबणं हवं तेवढंच ठेवता येतं. ही कल्पना मूळची नॉर्मन होसॅक या डिझायनरची. ब्रिटननं ती उचलून स्वतःच्या हातानं कार्बनमध्ये उतरवली. चाकंसुद्धा कार्बनची, तीही घरी केलेली.

इंजिन 999 सीसीचं, 60 अंशाच्या कोनातले दोन सिलिंडर, टायटॅनियमचे व्हॉल्व्ह, इंधनाचं इंजेक्शन कॉम्प्युटरवर. साधारण 165 अश्वशक्ती, आणि अख्ख्या गाडीचं वजन 138 किलो. आपल्या रस्त्यावरची दीडशे सीसीची गाडीही साधारण एवढ्याच वजनाची असते.

"दादा, ह्यो सायलेन्सर बघ की," आतेभाऊ म्हणाला. तो बांधकामवाला, इंजिनात त्याला रस नव्हता, पण ते पाइप पाहून तोही थांबला. दोन्ही सिलिंडरचे एक्झॉस्ट पाइप एकमेकांत गुंतत, वळसे घेत मागे गेलेत. लहान लहान तुकडे कापून, कोन जुळवून ते जोडलेत. जोडावर वेल्डिंगची शिलाई मोजता येते. हे काम यंत्रानं होत नाही, तिथं माणूसच बसावा लागतो.

इन्व्हरकार्गिलहून उत्तरेला निघालो. गोर, बालक्लुथा, डनीडिन. हा रस्ता मेंढरांचा आणि हिरव्या उतारांचा आहे, सुंदर आहे, पण त्याचं वर्णन अनेकांनी केलंय. टिमारूच्या अलीकडे-पलीकडे थांबण्यासारखी एक जागा सांगतो. वायटोही या खेड्याजवळ रस्त्याकडेला रिचर्ड पिअर्स या शेतकऱ्याचं स्मारक आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यानं स्वतः बनवलेल्या इंजिनावर स्वतः बनवलेलं विमान याच शिवारातून उडवायचा प्रयत्न केला. ते नक्की कधी आणि किती उडालं यावर वाद आहेत. त्यानं ते एकट्यानं केलं यावर नाहीत. या बेटावर जहाजानं माल यायला महिने लागायचे. नांगराचा फाळ मोडला तर तो स्वतःच घडवावा लागे. मन्रो आणि ब्रिटन याच मातीतले.

पुढे राकाया नदीवरचा पावणेदोन किलोमीटरचा पूल लागतो, देशातला सगळ्यात लांब रस्त्याचा पूल. तो ओलांडला की कँटरबरीचं सपाट मैदान आणि क्राइस्टचर्च.

फेब्रुवारी 2011च्या भूकंपात या शहरातली 185 माणसं गेली आणि मधला भाग जवळपास भुईसपाट झाला. आतेभाऊ गाडी चालवता चालवता बोट करत होता, इथं अमुक होतं, तिथं तमुक. ब्रिटनचं क्राइस्टचर्च शोधायचं तर डोळ्यांनी कमी आणि ऐकून जास्त शोधावं लागतं.

ब्रिटनचा जन्म इथलाच, 1950चा. त्याला डिस्लेक्सिया होता, शाळेत अक्षरं त्याच्याशी झगडायची. हात मात्र लहानपणापासून चालायचे. पोरवयात मित्राबरोबर ओढ्यात टाकून दिलेली जुनी इंडियन मोटरसायकल शोधून काढली आणि चालू केली. पुढे ड्राफ्ट्समनचं शिक्षण झालं, काही काळ काचेचे दिवे बनवून विकले, मग घरच्या जमीन-इमारतींच्या व्यवसायात उतरला. गाड्यांसाठीचा पैसा त्यातून यायचा. सुरुवातीला त्यानं क्राइस्टचर्चमध्येच बनलेलं डेन्को इंजिन स्वतःच्या चॅसिसमध्ये बसवून शर्यत लावली. ते इंजिन टिकेना. तेव्हा त्यानं ठरवलं, इंजिनही आपणच करायचं.

हे ठरवणं किती धाडसाचं होतं! डुकाटीसारख्या कारखान्यात इंजिनाच्या एकेका भागामागे स्वतंत्र विभाग असतो. इथं घरामागचं वर्कशॉप आणि मूठभर माणसं. कुणी लेथवर तरबेज, कुणी वेल्डर, कुणी दिवसभर दुसरीकडे नोकरी करून रात्री येणारा. गाडीचा बाहेरचा आकार ब्रिटननं कागदावर काढलाच नाही. तारेचे तुकडे वाकवून, गरम गोंदानं चिकटवून त्यानं गाडीचा पिंजरा उभा केला आणि त्याच्याभोवती फिरत, तारा मोडत-वाकवत राहिला. नजरेला पटेपर्यंत. इंजिनाच्या कास्टिंगला हीट ट्रीटमेंट द्यायची वेळ आली तेव्हा बायकोची मातीची भांडी भाजायची भट्टी कामी आली, आणि तापलेलं कास्टिंग विझवायला घरच्या पोहण्याच्या हौदातलं पाणी, असं सांगतात. माझ्यातल्या पॅटर्नवाल्याच्या पोराला यात गंमत नाही, अक्कल दिसली. ॲल्युमिनियमचं कास्टिंग ठरावीक तापमानाला तापवून झटकन थंड केलं नाही तर त्याला ताकद येत नाही. तापमान धरून ठेवणारी भट्टी आणि भरपूर गार पाणी एवढंच लागतं. ते ज्याच्या अंगणात आहे त्यानं कारखान्याची वाट कशाला बघायची?

मला वाटतं, ब्रिटनच्या टीमचं खरं बळ इथं होतं. मोठ्या कंपनीत डोक्यात आलेली गोष्ट हातात धातू होऊन येईपर्यंत मंजुरी लागते, ड्रॉइंग लागतं, टेंडर लागतं, वर्ष जातं. इथं ते अंतर एका रात्रीचं होतं. चुकलं तर दुसऱ्या रात्री परत.

1992 साली ही निळी-गुलाबी गाडी अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोनाच्या ट्रॅकवर उतरली, दोन सिलिंडरच्या गाड्यांच्या शर्यतीत. आदल्या दिवशी इंजिनाच्या सिलिंडर स्लीव्हला तडा दिसला. सुटा भाग विमानानं मागवायला जगात दुसरीकडे तो भाग नव्हताच. रात्रभर जागून टीमनं तो वेल्ड केला, घासला, बसवला. सकाळी अँड्र्यू स्ट्राउड हा त्यांचा रायडर निघाला आणि डुकाटीच्या तगड्या गाड्यांना मागे टाकून पुढे गेला. वळणातून बाहेर पडताना पुढचं चाक हवेत. आणि मग गाडी बंद पडली. विजेच्या यंत्रणेतला दोष, रेक्टिफायरचा. गाडीतल्या ज्या थोड्या वस्तू टीमनं बाहेरून विकत घेतल्या होत्या त्यातलीच ती एक. रात्री हातानं जोडलेली स्लीव्ह शाबूत होती.

दोन वर्षांनी, 1994 साली, स्ट्राउडनं डेटोनाला तीच शर्यत जिंकली. मधे 1993 साली या गाडीनं हजार सीसीच्या गटात वेगाचे चार विश्वविक्रम केले, त्यातला एक धावत्या सुरुवातीच्या मैलाचा, ताशी 302.705 किलोमीटर. मन्रोनं मिठावर गाठलेल्या आकड्याच्या थोडं पुढे.

या कथेचा दुसरा भाग मला टाळायचा नाही. 1994 साली आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीच्या सरावात ब्रिटनच्या गाडीवर स्वार असलेला मार्क फार्मर हा रायडर अपघातात गेला. टीटीचा ट्रॅक म्हणजे गावातले रस्ते, दगडी कुंपणं आणि विजेचे खांब. तिथं चुकीला माफी नाही. स्वतः बनवलेल्या यंत्रावर दुसऱ्याला बसवणं ही जबाबदारी किती जड असते, हे मेक्कामध्ये गाडीसमोर बसलो असताना मनातून जात नव्हतं. आणि पुढच्या वर्षी ब्रिटन स्वतः गेला. त्वचेचा कर्करोग, 5 सप्टेंबर 1995, वय 45. त्याच वर्षी स्ट्राउडनं ब्रिटनच्या गाडीवर बेअर्सची जागतिक मालिका जिंकली. एकूण दहा व्ही-1000 बनल्या. त्यातल्या अपुऱ्या राहिलेल्या गाड्या टीमनं त्याच्यामागे पूर्ण केल्या. त्यातली एक वेलिंग्टनच्या ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, एक अमेरिकेत अलाबामातल्या बार्बर संग्रहालयात, बाकीच्या बहुतेक संग्राहकांकडे. त्या अजूनही अधूनमधून ट्रॅकवर बाहेर काढतात, हे ऐकून बरं वाटलं.

वर ज्याचा उल्लेख आला तो बेअर्स हा क्राइस्टचर्चचाच मोटरसायकल क्लब. ब्रिटिश, युरोपियन आणि अमेरिकन गाड्यांच्या शर्यती भरवायच्या म्हणून तो निघाला, कारण तेव्हा जपानी गाड्यांसमोर बाकीच्यांना ट्रॅकवर जागाच उरली नव्हती. ब्रिटनच्या सुरुवातीच्या गाड्या याच वर्तुळात वाढल्या. शहराच्या पश्चिमेला रुआपुना हा ट्रॅक आहे आणि आम्ही गेलो त्या शनिवारी तिथं क्लबच्या शर्यती होत्या. गवतावर गाड्या लावायच्या, घरचे सँडविच काढायचे आणि तारेच्या कुंपणाशी उभं राहायचं. पिटमध्ये फिरायला मनाई नाही, विचारलं की लोक आनंदानं दाखवतात.

एका तंबूखाली चौघांची टीम होती. दोघं भाऊ, शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करणारे. त्यातल्या एकाची बायको, शाळेत शिक्षिका. आणि त्यांचा निवृत्त शेजारी, जो रेल्वेत फिटर होता. जुन्या डुकाटीचं हवेनं थंड होणारं इंजिन घेऊन त्यांनी नळ्यांची फ्रेम स्वतः वाकवून, स्वतः वेल्ड करून बनवली होती. टाकी ॲल्युमिनियमची, ठोकून केलेली. जवळून पाहिलं की हातोडीचे ठसे दिसत, आणि त्यांनी ते पॉलिशनं लपवले नव्हते.

सकाळच्या फेरीत मागच्या ब्रेकची नळी तापलेल्या एक्झॉस्टला घासत होती. ती हलवायची तर नवा ब्रॅकेट हवा. शिक्षिकाबाईंनी वेल्डिंगची एक बारीक काडी घेतली, नळी जशी जायला हवी तशी ती वाकवून गाडीशी धरून बघितली, परत वाकवली, परत धरली. पटल्यावर ती काडी शेजाऱ्याकडे दिली. त्यानं व्हाइसमध्ये पत्र्याची पट्टी धरली, करवतीनं कापली, कानस मारली, काडीशी जुळवून वाकवली आणि दोन भोकं पाडली. धार बोटानं तपासली आणि पुन्हा दोनदा कानस फिरवली. मी कौतुकानं म्हणालो, "आमच्या वडिलांच्या शॉपमध्ये असंच चालायचं." त्यानं काहीही न बोलता दुसरी कानस माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या कडेकडे बोट दाखवलं. मी ती कड घासली. त्यानं बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

दुपारची शर्यत आठ फेऱ्यांची होती. त्यांच्यापुढे नव्या, महागड्या इटालियन गाड्या होत्या आणि सरळ पट्ट्यावर त्या सहज निघून जायच्या. वळणात मात्र ही हलकी गाडी त्यांना गाठायची. ब्रेक उशिरा मारून धाकटा भाऊ आतल्या बाजूनं शिरायचा. कुंपणाशी आतेभाऊ माझ्याहून मोठ्यानं ओरडत होता. शेवटी ते सहावे आले. गाडी तंबूत परत येताच चौघं सगळ्यात आधी त्या ब्रॅकेटपाशी वाकले. नळी थंड होती, ब्रॅकेट घट्ट होता, पण एका बाजूला किंचित थरथरल्याची खूण होती. थोरल्या भावानं वही काढून लिहून घेतलं: पट्टी एक मिलिमीटर जाड हवी. मग वादावादी सुरू झाली, पुढच्या शर्यतीपर्यंत टाकी खाली घ्यायची की नाही यावर.